बघायची खोली

माणसाला जे हवे असते ते सरळ मागण्याची आपल्याकडे पद्धत नाही. 'सहज बघायला आलो होतो' असे म्हणण्याची पद्धत आहे. जमीन, बैल, जुना ट्रॅक्टर किंवा जावई, काहीही घ्यायचे असले तरी माणूस आधी बघायला जातो. या चार शब्दांवर आपला निम्मा व्यवहार चालतो. (उरलेला निम्मा 'कळवतो' या एका शब्दापाशी थांबलेला असतो.) बघणाऱ्याला पाप लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि वर चहा मिळतो. इतके निर्दोष कृत्य दुसरे नाही.

हे तत्त्व पुणे जिल्ह्यात सर्वांत पद्धतशीरपणे कुठे पाळले गेले असेल तर ते शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या अलीकडे दोन मैलांवर, हनुमंतराव कोळपे यांच्या वायनरीत.

कोळप्यांच्या घराण्याने तीन पिढ्या मेंढरे राखली. हनुमंतरावांचे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी चारशे मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरत आणि मिरगाच्या आत परत येत. पुढे पाणी आले, मेंढरे गेली, ऊस आला. उसाचा कंटाळा आल्यावर द्राक्षे आली. आणि एका वर्षी व्यापाऱ्याने द्राक्षांकडे पाठ फिरवल्यावर वाइन आली. सरकारने एव्हाना वाइन हा प्रक्रिया उद्योग ठरवून तिला लोणची, पापड आणि जॅमच्या रांगेत नेऊन बसवले होते. सरकारी कागद गावात यायला वेळ लागतो. गावाच्या लेखी ती दारूच होती, आणि हनुमंतराव दारूवाले.

२००४ साली पत्र्याच्या शेडमध्ये तीन स्टीलच्या टाक्या बसल्या आणि शेडच्या पुढच्या अंगाला पंधरा बाय बाराची एक खोली निघाली. कागदोपत्री तिचे नाव 'वाइन टेस्टिंग रूम'. खोलीत वस्तीवरचा एकमेव सोफा, वस्तीवरचा एकमेव एसी, काचेचे चोवीस ग्लास, भिंतीवर प्लॅस्टिकच्या द्राक्षांचा घड (दारासमोर सहा एकर खरी द्राक्षे असताना हा खर्च का केला, याचा खुलासा उपलब्ध नाही) आणि थुंकण्यासाठी एक स्टीलची बादली. चव घेणाऱ्याने घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा असतो. हे ज्ञान हनुमंतरावांची थोरली मुलगी मोनिका हिने आणले होते. मोनिका शिरूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली, पुण्यात वर्षभराचा वाइनचा कोर्स करून आली, आणि टाक्यांचे सगळे काम तीच बघत होती. द्राक्षे कधी तोडायची, टाकी किती थंड ठेवायची, रस कधी काढायचा, हे ती सांगे आणि हनुमंतराव करत. हे मात्र ते बाहेर सांगत नसत, कारण कुणी विचारतच नसे.

खोलीच्या दारावर पाटी होती : 'चव घेणे – माणशी रु. ५०.' पहिल्या वर्षी एकूण एकोणीस गिऱ्हाइके आली. त्यांतली बारा रांजणगावच्या गणपतीचा रस्ता विचारायला आली होती, चार पंक्चर काढून मिळेल का हे विचारायला, आणि दोघे उत्पादन शुल्क खात्याचे होते (त्यांनी चव घेतली, पन्नास रुपयांचा विषय कुणी काढला नाही). उरलेला एक खरोखर चव घ्यायला आलेला निघाला. तो फ्रान्सचा होता आणि वाट चुकला होता.

लोकांना चव घ्यायची नव्हती असे मुळीच नाही. अडचण रस्त्याची होती. वायनरीकडे वळणारा रस्ता डांबरीवरून सरळ दिसतो, आणि डांबरीवर चहाची टपरी आहे. माणूस त्या रस्त्याला लागून अजून घरी पोचलेला नसे, तोवर 'अमका प्यायला गेलाय' ही बातमी त्याच्या बायकोला पोचलेली असे. (गावातल्या बायकांनी मध्यंतरी दारूबंदीसाठी आडव्या बाटलीला मत देण्याची मोहीम काढली. त्यांची तुकडी वायनरीवर आली तेव्हा बुचे ओली राहावीत म्हणून फळीवर दोनशे बाटल्या आडव्या ठेवलेल्या दिसल्या. तुकडीने कोळप्यांच्या अभिनंदनाचा ठराव केला.)

अशा स्थितीत २००५ साली तुळशीचे लग्न उरकल्यावर मोनिकाची आई, सुषमाबाई, म्हणाल्या, "पोरगी बाविशीला आली. आता स्थळं बघा."

पहिले स्थळ दौंडकडचे. आपल्याकडे पहिल्या खेपेला पुरुषमंडळीच येतात. मुलगा, त्याचे वडील, दोन चुलते, एक मामा, गावचे पोलीस पाटील आणि जीपचा ड्रायव्हर असे सात जण आले. सात माणसे टेकतील अशी वस्तीवर एकच खोली होती. मोनिका आंब्याच्या रंगाची साडी नेसून पोह्यांचे ताट घेऊन आली, नाव सांगितले, शिक्षण सांगितले. तेवढ्यात मामांची नजर फळीवर गेली. मामांचे नाव हौसराव.

"आन् हे काय म्हनायचं?" हौसराव म्हणाले.

"वाइन हाय. घरचीच," हनुमंतराव म्हणाले.

"आसं का," हौसराव म्हणाले, आणि फळीकडे पुन्हा एकदा बघितले.

पाहुण्याने ज्या वस्तूकडे दोनदा बघितले ती त्याच्यापुढे ठेवायची, हा आपल्याकडचा अलिखित कायदा आहे. त्यात मुलीचा बाप असेल तर त्याला अपील नाही. मोनिकाने चार प्रकारच्या वाइन काढल्या, बोटभर ओतल्या, रंग कसा बघायचा, ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा हे समजावून सांगितले आणि शेवटी बादली दाखवली.

"थुकायचं?" पोलीस पाटील दचकले. "आन्नाला थुकायचं न्हाई, पोरी. आमच्यात तसलं चालत न्हाई."

सातही जणांनी अन्नाचा मान राखला. बोटभराने मान नीट राखला जात नाही म्हणून पुन्हा राखला. दिवस मावळायला मंडळी अतिशय प्रसन्न होऊन उठली, 'कळवतो' म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी कळवले : "आमच्या घरात माळकरी मानसं हायेत. दारूवाल्याची पोरगी न्हाई चालायची."

हनुमंतरावांना फार लागले. सुषमाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पण दोन्ही तालुक्यांच्या दृष्टीने त्या दिवशी एक मोठा शोध लागलेला होता. वायनरीत जाणारा माणूस दारुडा असतो; मुलगी बघायला जाणारा माणूस पाहुणा असतो. रस्ता तोच, खोली तीच, ग्लास तोच. डोक्यावर टोपी आणि सोबत एखादा बिनलग्नाचा मुलगा असला की झाले. टपरीवरून विचारणा झाली तर 'पोरगी बघायला चाललोय' असे ताठ मानेने सांगता येते, आणि घरची बाई उलट धुतलेला सदरा काढून देते.

पुढच्या पंधरा महिन्यांत मोनिकाला त्रेपन्न स्थळे आली. दर स्थळी सरासरी माणसे ९.४. (.४ म्हणजे कडेवरचे मूल.) मुलांची वये किमान अकरा, कमाल एकसष्ट. एका मुलाला त्याच्या बायकोने डबा बांधून दिलेला होता. दौंडच्या रेल्वे कॉलनीतून एका महिन्यात सात स्थळे आली; सातांत मुलगा एकच होता, मामा सात होते. हौसराव तीन वेगवेगळ्या भाच्यांना घेऊन तीनदा आले, पैकी तिसऱ्या भाच्याची आणि त्यांची ओळख जीपमध्ये झाली होती. आषाढापासून कार्तिकापर्यंत मात्र एकही स्थळ येत नसे. चातुर्मासात लग्ने ठरवत नाहीत म्हणून, की चातुर्मासात पीत नाहीत म्हणून, यावर जाणकारांत मतभेद आहेत.

मागणी वाढल्यावर व्यवस्था येतेच. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात शंकरराव नावाचे एक मध्यस्थ बसत. त्यांनी आठवडे बाजाराच्या दिवशी थेट वायनरीपर्यंत जीप सुरू केली. माणशी साठ रुपये, टोपी आणि उपरणे धरून. ज्यांच्याकडे मुलगा नसेल त्यांना मुलगा पुरवला जाईल. दोन स्थळे समोरासमोर येऊन लाज वाटू नये म्हणून सकाळचे स्थळ आणि दुपारचे स्थळ अशा पाळ्या लावल्या गेल्या. सकाळची मंडळी बऱ्याचदा दुपारच्या मंडळींना हाताला धरून आत आणून बसवत, त्यामुळे लाजेचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. लोक त्या खोलीला 'बघायची खोली' म्हणू लागले. पन्नास रुपयांची पाटी सुषमाबाईंनी उतरवली. मुलीच्या खोलीवर दर लिहिलेला बरा दिसेना.

खोलीत दोन बघणी एकाच वेळी चालत. मोनिका ग्लास पुढे करी आणि कुणीतरी विचारी, "वय किती म्हनला?" मोनिका म्हणे, "माझं का हिचं?" त्यावर पाहुणे विचारात पडत आणि म्हणत, "आधी हिचं सांगा." स्वयंपाक येतो का, हा प्रश्न तिला त्रेपन्नपैकी नऊ ठिकाणी विचारला गेला, अजून एक बाटली आहे का, हा त्रेपन्नही ठिकाणी. पदवीचा दाखला कुणी मागितला नाही. टाक्यांच्या शेडमध्ये कुणी डोकावले नाही. ज्या मुलीने वाइन केली तीच आपल्याला ओतून देते आहे, हे एकाच्याही ध्यानात आले नाही. मोनिका सगळ्यांना नीट हसतमुखाने समजावून सांगे, आणि मंडळी गेल्यावर ग्लास धुताना तिचे तोंड उतरलेले असे. तिला वाईट वाटत होते. ते सुषमाबाईंना दिसत होते.

हनुमंतरावांना ते आधी दिसत होते, नंतर दिसेनासे झाले. याला कारण होते. पाहुण्यांना फुकट प्यायल्याचा ठपका नको असे. म्हणून निघताना प्रत्येक जण 'घरच्या बायांना दाखवायला' म्हणून दोन दोन बाटल्या विकत घेई आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भाजीखाली ठेवी. (एकाही घरच्या बायांनी त्या बघितल्याची नोंद नाही.) नकाराचा निरोप येई तेव्हा फळी रिकामी झालेली असे. दुःख आणि खप हे एकाच वाटेने चढत होते. हनुमंतराव वाईट बाप नव्हते. पण रोज एका डोळ्याने रडायचे आणि दुसऱ्याने फळी मोजायची, यात माणूस हळूहळू एकाच डोळ्याने बघायला शिकतो.

मग चौपन्नावे स्थळ म्हणून न्हावऱ्याचा एक मास्तर आला. मुलगा सज्जन, सोबत फक्त वडील, दोघांनी एकेक ग्लास घेतला आणि चौथ्या दिवशी चक्क होकार कळवला. हनुमंतरावांनी खोल विचार केला. "एकच गिलास घेत्यात," ते सुषमाबाईंना म्हणाले. "हात आखडता हाय त्या घराचा. आसल्या घरात पोरगी कशी सुखात ऱ्हाईल?" मास्तरला नकार गेला. मुलीच्या हिताचा एवढा बारीक विचार करणारा बाप पंचक्रोशीत नाही, असे शंकरराव सर्वांना सांगत.

पंचावन्नावे स्थळ २००७ च्या फेब्रुवारीत आले, तेही जीपने नाही. दौंड तालुक्यातल्या पाटसहून मोटारसायकलवर एक मुलगा आणि त्याची आई अशी दोघेच आली. मुलाचे नाव बिरदेव ठोंबरे, आईचे दगडाबाई. पाहुणी म्हणून एखादी बाई त्या खोलीत येण्याची ही पहिलीच वेळ असल्याने तिला कुठे बसवावे यावर घरात थोडी धांदल उडाली. दगडाबाई स्वतःच सोफ्यावर बसल्या आणि एसीखालून बाजूला सरकल्या.

बिरदेव दूध संकलन केंद्रावर कामाला होता. फॅट यंत्रावर कळते, पण दूध नासायला लागले आहे की नाही हे आधी तोंडानेच कळते. रोज सकाळी सव्वादोनशे कॅन. झाकण उघडायचे, वास घ्यायचा, चमचाभर तोंडात घोळवायचे, थुंकायचे, पुढचा कॅन. मोनिकाने पहिला ग्लास पुढे केला. बिरदेवने तो उजेडात धरला, फिरवला, वास घेतला, घोट घोळवला आणि सरळ बादलीत थुंकला.

हनुमंतरावांचा चेहरा लाल झाला. "पाव्हणं, आमच्या दारात येऊन आमच्याच मालावर थुकता?"

"मामा, रोज सव्वादोनशे क्यान चाखतो. गिळत बसलो तर दुधानंच मरंन की," बिरदेव म्हणाला. "गिळल्यावर पुढच्याची चव कळत न्हाई."

दुसऱ्या ग्लासाला तो 'चांगली हाय' म्हणाला. तिसऱ्याला थांबला. पुन्हा वास घेतला.

"ही आंबाय लागलीया. टाकीच्या झाकणाचं रबर गेलं असंल बघा. हवा शिरती."

"तीन नंबरची टाकी," मोनिका म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "संक्रांतीपासनं सांगतीया मी आप्पांना! रबर बदला, रबर बदला!"

हे खरे होते. तिने आठदा सांगितले होते, आणि आठही वेळा हनुमंतरावांनी, सगळे पाहुणे वा वा करत असताना नवे रबर कशाला, असे रास्त उत्तर दिले होते. मोनिका हसली. पंधरा महिन्यांत त्या खोलीत ती पहिल्यांदा मनापासून हसली. तिला तो मुलगा आवडला. एवढ्या साध्या गोष्टीला जास्त शब्द लावण्यात अर्थ नाही. बिरदेवने मग टाक्या बघायच्या आहेत म्हटले. दोघे शेडमध्ये गेले आणि अर्धा तास झाकणे, नळ आणि रबर यांवर बोलून परत आले.

दगडाबाईंनी मोनिकाला जवळ बसवले. "पोरी, तुला आमचा पोरगा पसंत हाय का?"

हा प्रश्न कुठल्याही पद्धतीत बसत नव्हता. चौपन्न स्थळांत तो कुणी विचारला नव्हता, त्यामुळे त्याला उत्तर द्यायच्या आधी काय करायचे असते हे मोनिकाला माहीत नव्हते. ती एवढेच म्हणाली, "व्हय."

"मी शिरूरला बदली मागून घेतो, मामा," बिरदेव म्हणाला. "ह्यांनी हितल्या टाक्या सोडायच्या न्हाईत. रोज येत्याल."

म्हणजे मुलगी जाणार नव्हती, टाक्या राहणार होत्या, वाइन होणार होती. जाणार होती ती फक्त स्थळे. हनुमंतरावांनी फळीकडे बघितले आणि ते म्हणाले, "कळवतो."

मुलीच्या बापाने हा शब्द वापरल्याचे हे तालुक्यातले पहिलेच उदाहरण. पाटसची मंडळी गेली आणि हनुमंतराव कारणे शोधायला लागले. पत्रिका जुळत नाही (पत्रिका मागवलीच नव्हती). मुलाचे नाक तिखट आहे, पुढे जाऊन घरातले सगळे हुंगत बसेल. मोटारसायकल दुसऱ्याच्या नावावर असावी. जो माणूस सासऱ्याच्या मालावर थुंकतो तो सासऱ्यावर काय करेल? या काळात आणखी सात स्थळे येऊन गेली.

एके दिवशी ग्लास धुता धुता मोनिका बापाला म्हणाली, "आप्पा, मला आता त्या साडीत हुभं ऱ्हावत न्हाई. ही मानसं माझ्याकडं बघत न्हाईत आन् वाइनकडंबी बघत न्हाईत. निस्ती पित्यात. बिरदेवनं दोन्हीकडं नीट बघितलं. आजून किती दिस हुभी करताय मला?"

हनुमंतरावांना एकदम गलबलून आले. लहानपणी याच मुलीने वेलीवरची हिरवी द्राक्षे खाऊन तोंड वाकडे केले होते ते त्यांना आठवले. ते होकार देणारच होते. तेवढ्यात शंकररावांचा फोन आला की बाजाराच्या दिवशी दोन जीपा भरल्या आहेत, आणि हनुमंतराव म्हणाले, "बघू."

बातमी मात्र फुटली. एप्रिलातल्या त्या बाजाराच्या दिवशी दोन जीपांमधून सतरा जण उतरले, पण या वेळी कुणाबरोबरच मुलगा नव्हता. हे शिष्टमंडळ होते. पुढे हौसराव होते आणि त्यांच्या हातात टाइप केलेले निवेदन होते. ते त्यांनी उभे राहून वाचले :

"मौजे कवठे येमाई येथील कु. मोनिका हनुमंत कोळपे ही दोन्ही तालुक्यांची ठेव असून तिला एकाच घरात देऊन टाकणे हा इतर घरांवर अन्याय आहे. सदर मुलीस आजवर साठ स्थळांनी नाकारले, यावरून तिच्याविषयीची आस्था किती खोलवर रुजली आहे हे दिसून येते. सबब सदर विवाह किमान पाच वर्षे पुढे ढकलावा, अथवा धाकट्या मुलीची व्यवस्था होईपर्यंत चालू व्यवस्था कायम ठेवावी, ही नम्र विनंती."

"धाकटी सातवीत हाय," सुषमाबाई दारातून म्हणाल्या.

"मग सातच वर्षं पुढं ढकला," हौसराव समजुतीने म्हणाले.

आबा कोपऱ्यात काठी धरून बसले होते. मोनिका उठली, शेडमध्ये गेली आणि एक मोठा जग भरून घेऊन आली. तीन नंबरची टाकी. एप्रिलच्या उन्हात त्या टाकीतले जे काही होते त्याने शेवटचा टप्पा गाठला होता. त्यात कांदा चिरून टाकला असता तर झकास मुरला असता. मोनिकाने सतरा ग्लास भरले. बोटभर नाही, काठोकाठ. रंग बघा म्हणाली नाही, वास घ्या म्हणाली नाही.

सतरा जणांनी ग्लास तोंडाला लावले.

"वा!" हौसराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. "आजची तर येगळीच हाय. कडक!"

"जुनी असनार. जुनीलाच आसा झटका असतोय," दुसरे एक जण खोकत म्हणाले.

"एक नंबर," बाकीचे म्हणाले, आणि हौसरावांनी रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला.

हनुमंतरावांनी स्वतःच्या वाइनचा घोट वर्षभरात घेतला नव्हता. विकणाऱ्याने चाखायचे नसते, असे त्यांचे मत होते. पण ही येगळी कुठली म्हणून त्यांनी एक ग्लास उचलला आणि मोठा घोट घेतला. त्यांचा घसा चरचरला, नाकातून वाफ आल्यासारखे झाले, आणि ते धावत जाऊन बादलीत थुंकले. तोंड पुसून त्यांनी वर बघितले. सतरा प्रसन्न चेहरे. आंबलेले पाणी पिऊन सतरा माणसे वा वा करत होती. मग टाकी चांगली होती तेव्हाही ती हेच करत होती. आपल्या मुलीच्या हातात काय कसब आहे हे या खोलीत आजवर कुणालाच कळले नव्हते, आणि सगळ्यांत उशिरा ते आपल्याला कळते आहे. त्यांना भयंकर लाज वाटली.

"हनमंता," आबा कोपऱ्यातून म्हणाले, "मेंढरू घेनारा गडी आधी त्याचं दात बघतो, खोड काढतो. निस्ता पाठीवर हात फिरवून वा वा करनारा कवाच घेत नसतो."

हनुमंतराव मोनिकापुढे जाऊन उभे राहिले. ते म्हणाले, "उद्या रबर आनतो." मग शिष्टमंडळाकडे वळले. "पाव्हणं, पोरगी दिली मी. पाटसला."

सतरा जणांनी ग्लास खाली ठेवले. (रिकामे.)

अक्षय तृतीयेला लग्न ठरले आणि पत्रिका छापून गेल्या. इथे या प्रकरणातला सर्वांत विलक्षण भाग सुरू होतो. पत्रिका पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ज्या साठ घरांत मोनिका पसंत नव्हती, त्या घरांतून होकार येऊ लागले. काही फोनवर आले, काही कार्डावर, एक तर एस.टी.च्या कंडक्टरबरोबर तोंडी आला. 'मुलीचे वळण, शिक्षण व हातचे काम आम्हांस मनापासून पसंत होते. योग नव्हता.' 'अशी सून मिळायला भाग्य लागते.' माळकरी मंडळींची हरकत कुठे गेली ते कळले नाही. साठांपैकी सत्तावन्न घरांनी पसंती कळवली. हौसरावांनी तीन भाच्यांच्या वतीने तीन वेगळी कार्डे पाठवली. उरलेल्या तीन घरांत मुळात मुलगाच नव्हता, तरीही त्यांपैकी एकाने शुभेच्छा दिल्या.

हनुमंतराव ओट्यावर बसून ती कार्डे एकेक करून वाचत होते. सुषमाबाई बाजूला अक्षता रंगवत होत्या. शेडमधून नवे रबर ठोकून बसवल्याचा आवाज येत होता.

"सगळ्यांस्नीच आवडली व्हती की गं आपली मोनिका," हनुमंतराव म्हणाले.

"व्हय तर," सुषमाबाई म्हणाल्या. "आता घरी न्यावी लागनार न्हाई ना."

वाचकांनाही मोनिका एव्हाना पसंत पडली असेल. मुलगी हुशार आहे, कामाला वाघ आहे, बोलायला सरळ आहे. अशी सून आपल्या घरात यायला हवी होती, असेही मनात येऊन गेले असेल. खुशाल येऊ द्या. तिचे लग्न झाले आहे.